कमानी कुणाच्या?

योहान सेबास्टियन बाखचे सहा चेलो सुइट, म्हणजे नृत्यरचनांच्या मालिका, वाजवल्याशिवाय कुणी चेलोवादक होत नाही. पण बाखच्या हातची प्रत आज कुठेच नाही. उरल्या आहेत त्या नकला. सर्वांत मोलाची मानली जाते ती त्याची दुसरी पत्नी आन्ना माग्डालेना हिची, १७३०च्या आसपासची, बर्लिनच्या ग्रंथालयात जपलेली. योहान पेटर केल्नरची नक्कल १७२६ची, पण तिच्यात पाचव्या सुइटमधली साराबांद ही नृत्यरचना गाळलेली. शिवाय अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या दोन नकला आणि १८२४ची पॅरिसची पहिली छापील आवृत्ती. स्वर बव्हंशी जुळतात. भांडण आहे ते स्लरचं.

स्लर म्हणजे स्वरांच्या डोक्यावर काढलेली कमान. तिच्याखालचे स्वर एकाच गजात वाजवायचे. गज कुठे वळतो यावर वजन कुठे पडणार ते ठरतं आणि त्यावर सुरावटीचं सगळं बोलणं. आन्ना माग्डालेनाच्या कमानी दोन स्वरांच्या मध्येच सुरू होतात, भलतीकडेच संपतात, आणि एकाच आकृतीवर एका मात्रागटात एक तर पुढच्यात दुसरी. डच वादक आन्नर बाइल्स्मानं १९९८च्या पुस्तकात या कमानी जशाच्या तशा खऱ्या मानल्या: हा विषमपणा बाखचाच, असं त्याचं म्हणणं. त्याचं १९९२चं ध्वनिमुद्रण ऐकताना हे पटायलाही लागतं.

पण पडताळा घ्यायची सोय आहे. एकल व्हायोलिनच्या रचनांची १७२०ची प्रत खुद्द बाखच्या हातची आहे, आणि तिचीही नक्कल आन्ना माग्डालेनानं केली होती. दोन्ही शेजारी ठेवल्या की दिसतं, बाईंनी स्वर काळजीनं उतरवले, कमानी मात्र जागा मिळेल तशा मारल्या. घाईच्या हातानं सरकलेली रेघ सौंदर्यतत्त्व म्हणून पूजणं मला तरी जड जातं. (हे सुइट तिनंच रचले, अशीही एक टूम मध्यंतरी निघाली होती; अभ्यासकांनी ती मनावर घेतली नाही.) बाइल्स्माचं वादन जिवंत आहे ते त्याच्या गजामुळे, त्या कमानींमुळे नव्हे.

चेलोवादक पाब्लो कासाल्सला १८९०मध्ये बार्सिलोनाच्या दुकानात या सुइटची प्रत मिळाली, ती तर ग्रुट्झमाखर या संपादकाची आवृत्ती. त्या गृहस्थानं आपल्या पदरचं बरंच घातलेलं. तरी १९३६ ते १९३९ दरम्यानच्या कासाल्सच्या मुद्रणांत नृत्याची पावलं स्पष्ट ऐकू येतात. संपादकांनीही पुढे हात टेकले, आणि तेच बरं झालं: बेरेनरायटर या प्रकाशनसंस्थेनं २०००मध्ये स्लरविना संहिता छापली आणि सोबत पाचही मूळ साधनांच्या प्रतिकृती दिल्या. निवड वादकाची.

काही ठिकाणी नकला गप्पच आहेत. दुसऱ्या सुइटच्या प्रेल्यूडच्या, म्हणजे सुरुवातीच्या भागाच्या, शेवटी पाच मात्रागटांत नुसते लांब कॉर्ड. ते तसेच धरायचे की स्वर सुटे करून खेळवायचे? एकल व्हायोलिनच्या त्या रचनांतल्या शाकोनमध्ये असं खेळवायचं असेल तिथे बाखनं तसा शब्द लिहिला आहे. इथे काही नाही. मला ते धरलेलेच आवडतात. एवढ्या धावपळीनंतर थांबणं शोभतं.

याउलट दोन जागी आन्ना माग्डालेनाची प्रत अगदी स्पष्ट बोलते. पाचव्या सुइटसाठी सर्वांत वरची तार एक स्वर उतरवायची, आणि सहावा पाच तारांच्या वाद्यासाठी. कमानींवर पानंच्या पानं लिहिणारं चेलोविश्व इथे मात्र बिनदिक्कत कानाडोळा करतं. पाचवा कितीतरी जण नेहमीच्याच जुळणीत वाजवतात, सहावा तर बहुतेक सगळे चार तारांवर. मग उंच स्वरांसाठी डावा हात पट्टीवर खाली खाली सरकत जातो, श्रम ऐकू येतात, आणि त्या श्रमांनाच भव्यता म्हणायची रीत पडली आहे. पाच तारांच्या चेलोवर, किंवा सिगिसवाल्ट कौकेन या वादकानं वापरलेल्या खांद्यावरच्या लहान चेलोवर, सहाव्याचा प्रेल्यूड हलका होतो, त्यातली शिकारीच्या कर्ण्यासारखी साद मोकळी होते. वाद्य मिळवणं खर्चाचं आहे, हे खरं. पण पाचव्यासाठी तर एक खुंटी फिरवायची असते.