‘उपजत’ आणि ‘आहार्य’ : प्रतिभेविषयीच्या एका गृहीतकाची तपासणी

मराठी समीक्षेत ‘प्रतिभा’ ही संज्ञा जितकी वापरली जाते तितकी ती तपासली जात नाही. एखाद्या लेखकाला ‘उपजत प्रतिभा’ आहे असे म्हटले की त्याच्याविषयी काही मूलभूत विधान केले असे आपण मानतो. वस्तुतः तेथे विवेचन थांबलेले असते. ही संज्ञा केवळ समीक्षालेखांतच वावरली असती तर तिचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु तीच वर्गात ‘हुशार’ आणि ‘ढ’ या शब्दांच्या रूपाने, उत्तरपत्रिकेवर ‘आकलन कमी’ या शेऱ्याच्या रूपाने आणि ग्रंथपरीक्षणात ‘अस्सल अनुभव’ या प्रशस्तीच्या रूपाने वावरते. क्षमता ही जन्मासोबत मिळालेली, ठरावीक मापाची वस्तू आहे की संस्काराने घडत जाणारी शक्ती आहे, याविषयीची आपली धारणा या सर्व ठिकाणी आपल्या नकळत निर्णय करीत असते. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांचा गौरव करताना मराठी समीक्षेने जी भाषा वापरली तिच्यात ही धारणा दडलेली आहे, आणि त्या आत्मकथनांनी स्वतःच ती खोटी ठरवली आहे, असे मला येथे मांडावयाचे आहे.

काव्यहेतूंची चर्चा आपले विद्यार्थी पाठ करतात. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे तीन वेगवेगळे हेतू न मानता तिघांचा मिळून एकच हेतू मानला. दंडीने नैसर्गिक प्रतिभेला मान दिला. पण ती नसली तरी श्रवण आणि यत्न यांनी उपासलेली वाग्देवता काही ना काही अनुग्रह करतेच, असेही सांगून ठेवले. जगन्नाथ पंडिताने प्रतिभा हेच एकमेव कारण मानले. मात्र ती प्रतिभा कोणाच्या ठायी अदृष्टामुळे तर कोणाच्या ठायी व्युत्पत्ती आणि अभ्यास यांमुळे उत्पन्न होते, अशी तिच्या उगमाची फोड त्याने केली. म्हणजे प्रतिभेला सर्वोच्च स्थान देणारा हा आचार्यही ती ‘उपजतच’ असली पाहिजे असे म्हणत नाही. आपल्याकडे मात्र ‘प्रतिभा’ आणि ‘उपजत’ हे शब्द एकमेकांना असे चिकटले आहेत की त्यांतील अंतर दिसेनासे झाले आहे. इंग्रजी स्वच्छंदतावादाच्या वाचनातून आलेली कविकल्पना आणि संस्कृत साहित्यशास्त्रातील संज्ञा यांची जी सरमिसळ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाली, तिचा हा परिणाम असावा.

या संदर्भात राजशेखराकडे अधिक लक्ष द्यावयास हवे. इसवी सन ९००च्या आसपासच्या या ग्रंथकाराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरीत लावला. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, आमच्या यवतमाळ जिल्ह्याचे शेजारी. (या विवाहस्थळाचा अभिमान वैदर्भीय वक्ते व्यासपीठावरून बाळगतात, ग्रंथातील पुढचा अध्याय मात्र सहसा कोणी उघडत नाही.) त्या पुढच्या, चौथ्या अध्यायात राजशेखर शिष्यांचा विचार करतो. ज्याची बुद्धी स्वभावतःच शास्त्राच्या मागे जाते तो बुद्धिमान; शास्त्राच्या अभ्यासाने जिच्यावर संस्कार होतो अशी बुद्धी असलेला तो आहार्यबुद्धी. कवीच्या ठायी असणाऱ्या कारयित्री प्रतिभेचेही तो सहजा, आहार्या आणि औपदेशिकी असे प्रकार करतो. सहजा पूर्वजन्मीच्या संस्कारांतून येते, आहार्या या जन्मीच्या संस्कारांतून. येथे ‘आहार्य’ हा शब्द मोलाचा आहे. आहार्य म्हणजे बाहेरून आणता येण्याजोगे, मिळवता येण्याजोगे. मिळवलेल्या गोष्टीलाही ‘प्रतिभा’ हेच नाव देण्याचे धैर्य या शास्त्रकाराने दाखवले. पुढे दहाव्या अध्यायात स्त्रियाही कवी होऊ शकतात हे सांगताना त्याने दिलेले कारणही याच विचाराला धरून आहे. संस्कार आत्म्याच्या ठायी असतो, त्याला स्त्री-पुरुष हा भेद लागू नाही, असे तो म्हणतो.

राजशेखराला आधुनिक ठरवण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. सहजा प्रतिभेचे मूळ पूर्वजन्मात ठेवल्याने जन्मसिद्ध अधिकाराची वाट मोकळी राहतेच. आणि कोणता जन्म कोणत्या पुण्याचे फळ हे सांगण्याचा अधिकार या देशात कोणाकडे होता हे निराळे सांगावयास नको. शिवाय त्याच्या वर्गीकरणात एक तिसरा, दुर्बुद्धी शिष्य आहे. निळीत रंगवलेल्या वस्त्रावर जसा दुसरा रंग चढत नाही, तसा याच्यावर दुसरा गुण चढत नाही. सरस्वतीची कृपा झाली तरच काही आशा. हे निळीचे वस्त्र मला अस्वस्थ करते. कारण कोणता शिष्य आहार्यबुद्धी आणि कोणता निळीत बुडालेला, हे ठरवावयाचे कोणी? आचार्यानेच. आणि एकदा ठरवले की त्या शिष्याला रंगवून पाहण्याचा प्रयत्नच होत नाही, त्यामुळे निर्णय कधी खोटा ठरत नाही.

अर्वाचीन मराठीत क्षमता ‘मिळवता येते’ या बाजूने एक ठळक प्रयत्न झाला तो ना. सी. फडके यांचा. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचे ‘प्रतिभासाधन’ हे नावच बोलके आहे. कथा-कादंबरीचे तंत्र शिकता येते, शिकवता येते ही त्यामागील भूमिका. फडक्यांच्या कादंबऱ्यांविषयी आपले मत काहीही असो (माझे फारसे अनुकूल नाही), ही भूमिका मुळात उदार होती. नवसाहित्याच्या काळात तिची प्रतिक्रिया उमटली आणि ‘तंत्र’ हा शब्द जवळजवळ शिवी झाला. ‘तंत्रवादी’ म्हणजे कृत्रिम, उथळ. त्यात जे न्याय्य होते ते होतेच; परंतु त्यासोबत शिकून येते ते हलके आणि आतून येते ते खरे हे समीकरणही रुजले. सत्तरीच्या दशकात ज्यांच्या मागील पिढ्यांना अक्षरओळखही नाकारली गेली होती असे लेखक मराठीत लिहू लागले, तेव्हा समीक्षेच्या हाती त्यांना मापण्यासाठी हेच समीकरण होते.

त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडली. ‘बलुतं’ (१९७८) पासून पुढे आलेल्या आत्मकथनांचे स्वागत ‘अस्सल’, ‘रांगडे’, ‘जिवंत’, ‘अनुभवसंपन्न’ या विशेषणांनी झाले. ती विशेषणे खोटी नाहीत, आणि ती वापरणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. परंतु त्यांनी श्रेय कोणाला दिले हे पाहावे. श्रेय अनुभवाला मिळाले, लेखकाच्या कामगिरीला नव्हे. अनुभव तर त्याच्यावर लादला गेला होता. तो त्याच्याकडे ‘उपजत’ होता असेच म्हणा ना! दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार हा निवेदक उभा केला आणि तो आपली कहाणी दया पवारांनाच सांगतो अशी रचना केली. गावाने दिलेले नाव आणि लेखक म्हणून कमावलेले नाव यांच्यातील हा संवाद आहे. शिकलेला ‘मी’ आणि मागे राहिलेला ‘मी’ यांच्यातील अंतराचे भान त्यातून सतत जागे राहते. हा निर्णय अनुभवाने घेतलेला नाही. निवेदनपद्धतीचा विचार करणाऱ्या लेखकाने घेतलेला आहे. हाच प्रयोग एखाद्या नवकथाकाराने केला असता तर त्यावर किती प्रबंध झाले असते, याची कल्पना करणे अवघड नाही.

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या दृष्टीने आणखी उद्‌बोधक आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. क्षमता व प्रवृत्ती रक्तातून येते ही धारणा एखाद्या राज्यसत्तेने इतक्या उघडपणे कायद्यात उतरवल्याची उदाहरणे थोडी असतील. १९५२मध्ये या जमाती विमुक्त झाल्या. पोलिसी दृष्टी मात्र तीच राहिली. गायकवाडांचे पुस्तक या धारणेला प्रतिज्ञेने उत्तर देत नाही. ते तपशिलाने उत्तर देते. त्यात चोरीचे शिक्षण आहे. मुलाने पोलिसांच्या माराला तोंड द्यावे, नाव फोडू नये म्हणून घरच्यांनीच त्याला मारून तयार करावयाचे, हात चालवण्याचा सराव करून घ्यावयाचा. कायदा ज्याला उपजत म्हणत होता ते किती कष्टाने, किती क्रूर अभ्यासाने शिकवावे लागत होते, हे त्या पानांतून कळते. राजशेखराच्या भाषेत बोलावयाचे तर कायद्याने ‘सहज’ ठरवलेली गोष्ट पूर्णतः ‘आहार्य’ होती.

याच पुस्तकात धारणेची दुसरी बाजूही आहे. मुलगा शाळेत जाऊ लागतो आणि वस्तीत मुले ओकारी-हगवणीने आजारी पडतात, तेव्हा जमातीतील लोक त्याचा दोष या शाळेला देतात. आपल्या जातीत कोणी शिकत नसते, शिकले की देवाचा कोप होतो अशी त्यांची समजूत. बाहेरच्यांनी शतकभर सांगितलेले ‘तुम्हांला हे जमणार नाही’ हे वाक्य येथे ‘आपण हे करावयाचे नसते’ असे होऊन आतून उमटते. वडील मार्तंड त्या समजुतीविरुद्ध मुलाला शाळेत ठेवतात. पुस्तकातील हा निर्णय मला कोणत्याही उठावाच्या प्रसंगापेक्षा अधिक नाट्यपूर्ण वाटतो.

अलीकडच्या मानसशास्त्राने या क्षेत्रात जे काम केले त्याचा साहित्याभ्यासकांनी उपयोग करून घ्यावयास हरकत नाही. कॅरल ड्वेक यांनी बुद्धी स्थिर मानणारी आणि ती वाढती मानणारी अशा दोन मनोधारणांचा सिद्धान्त मांडला. २००६च्या त्यांच्या ‘माइंडसेट’ या पुस्तकाने तो सर्वत्र पोहोचला. क्लॉडिया म्युलर यांच्यासह १९९८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ‘तू हुशार आहेस’ अशी प्रशंसा झालेली मुले अपयशानंतर लवकर खचतात आणि प्रयत्नांची प्रशंसा झालेली टिकून राहतात, असे त्यांना आढळले. आपल्याला अधिक जवळचा प्रयोग कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा आहे. उत्तर प्रदेशातील खेड्यांत त्यांनी शाळकरी मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवावयास दिली. जात उच्चारली गेली नाही तेव्हा निम्न मानलेल्या जातींची मुले इतरांच्या बरोबरीने सोडवत होती. सर्वांसमक्ष जात पुकारली गेल्यावर त्यांची कामगिरी घसरली. कोडी तीच होती आणि मुलांच्या बुद्धीतही मधल्या काळात काही बदललेले नव्हते.

परंतु मनोधारणेचा सिद्धान्त आपल्याकडे जसा व्याख्यानमालांतून आणि भिंतीवरच्या सुविचारांतून येतो, तसा तो स्वीकारणे धोक्याचे आहे. ‘विश्वास ठेव, जमेल’ असे विद्यार्थ्याला सांगितले की न जमण्याची जबाबदारीही त्याच्याच माथी येते. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील बारा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या चाचणीत या उपायाचा परिणाम बेताचा आढळला, तोही प्रामुख्याने मागे पडलेल्या विद्यार्थ्यांत, आणि जेथे शाळेतील सोबत्यांचे वातावरण पोषक होते तेथे अधिक. म्हणजे धारणा ही एकट्या डोक्यात नसते. ती वर्गाची, संस्थेची आणि समीक्षेचीही असते.

आमच्या भागात हे रोज दिसते. पदव्युत्तर वर्गात तांड्यावरून आलेली मुले असतात, क्वचित कोलाम पोडावरचा एखादा असतो. गोरमाटी बोलत वाढलेल्या किंवा कोलामीसारखी द्रविड कुळातील भाषा घरी ऐकलेल्या विद्यार्थ्याला प्रमाण मराठी ही दुसरी, कधी वऱ्हाडीनंतरची तिसरी भाषा असते. त्याच्या निबंधातील चुकीला ‘भाषा कच्ची’ म्हणतात. दोन-तीन भाषांतून वाट काढीत येथवर आलेल्या मनाच्या कामाला मात्र आमच्या गुणपद्धतीत रकानाच नाही.

याच जिल्ह्यात जानेवारी २०१९मध्ये ब्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेल्याने उठलेल्या वादळानंतर उद्घाटनाचा मान कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे या शेतकरी विधवेला मिळाला. त्यांच्या भाषणाने सभामंडप हलला. त्यानंतर खाजगी बैठकींत मी जे ऐकले त्यात आश्चर्य आणि करुणा यांचेच मिश्रण अधिक होते. ‘दुःखच बोलले’, ‘किती सहज बोलल्या’. सहज! वस्तुस्थिती अशी की येडे या ‘तेरवं’ नाटकातून रंगभूमीवर उभ्या राहिलेल्या होत्या. श्याम पेठकरांनी लिहिलेले आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेले हे नाटक शेतकरी विधवांच्या जगण्यावरच आहे. शब्द कोठे टाकावा, कोठे थांबावे, समोरच्या समुदायाला कसे सामोरे जावे याची तालीम त्या आवाजामागे होती. दुःख पुष्कळांकडे असते. त्याला व्यासपीठावर तोलून धरणे ही शिकलेली गोष्ट आहे, आणि ती शिकल्याचे श्रेय त्या बाईंचे आहे. ते श्रेय दुःखाला देऊन टाकले की त्यांच्याकडून पुन्हा दुसऱ्या कोणत्या विषयावर बोलण्याची अपेक्षाच उरत नाही.

आत्मकथनकारांच्या बाबतीतही हेच झाले. ‘एका पुस्तकाचे लेखक’ हा शेरा त्यांच्याविषयी कितीदा तरी ऐकू येतो. अनुभव संपला, आता काय लिहिणार? ज्याची कामगिरी कधी कारागिरी म्हणून वाचलीच गेली नाही, त्याच्या दुसऱ्या पुस्तकातील चुकांची कोणी बारकाईने, कठोरपणे चिकित्साही करत नाही. आणि अशा चिकित्सेवाचून कोणत्या लेखकाचा अभ्यास पुढे गेला आहे? केवळ प्रशंसेने त्याला निळीच्या वस्त्रासारखे बाजूला ठेवले, फक्त या वेळी ते कपाटातील मानाच्या कप्प्यात ठेवले, एवढाच फरक.

आमच्या अभ्यासक्रमांत काव्यहेतूंचा प्रश्न साहित्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत येतो आणि ‘उचल्या’ दलित-ग्रामीण साहित्याच्या. पहिल्यात विद्यार्थी मम्मटाचे तीन शब्द लिहितात, दुसऱ्यात ‘दाहक वास्तव’ लिहितात आणि दोहोंत बऱ्यापैकी गुण मिळवतात. राजशेखराच्या आहार्या प्रतिभेच्या आधारे दगडू पवाराच्या निवेदनाची चर्चा करा, असा प्रश्न विचारणारी प्रश्नपत्रिका माझ्या पाहण्यात अद्याप आलेली नाही.