गाफील, बेसावध आणि ‘सरप्राइज’ : असईच्या निमित्ताने

‘सरप्राइज’ या इंग्रजी शब्दासमोर ‘आश्चर्य’ हा प्रतिशब्द मांडला की भाषांतराचे काम संपले, अशी समजूत मराठीत रूढ आहे. तिच्यामुळे या शब्दाचा अर्धा इतिहास नजरेआड होतो. जुन्या फ्रेंचमधील मूळ क्रियापदाचा अर्थ ‘वरून झडप घालून पकडणे’ असा आहे. इंग्रजीतही नामाचा पहिला वापर अचानक हल्ला करून ठाणे किंवा सैन्य हस्तगत करणे या लष्करी अर्थाने झाला आणि मनाची चकित अवस्था हा अर्थ नंतर त्यावर चढला. आजूबाजूचे वाक्प्रचारही याच कुळातले. ‘ऑफ गार्ड’मागे ढाल-तलवारीचा पवित्रा ढळणे आहे. ‘टेकन अबॅक’ हा खलाशांचा शब्द : वारा एकाएकी समोरून शिडांवर आदळतो, शिडे डोलकाठीला चिकटतात आणि जहाज मागे रेटले जाते. या सर्व प्रयोगांत चकित होणारा माणूस व्याकरणाच्या दृष्टीने कर्म असतो. त्याला कोणीतरी ‘पकडले’, कशाने तरी ‘मागे रेटले’. डुलकी घेताना पकडला गेल्याचा जो प्रयोग आहे, त्यात दोषारोप आहे खरा; पण तो थट्टेच्या स्वराचा.

मराठीची घडण निराळी आहे. दचकणे, चपापणे, भांबावणे, गांगरणे, हबकणे ही क्रियापदे अकर्मक आहेत. जो चकित होतो तोच वाक्याचा कर्ता; चकित करणारा वाक्यात असलाच पाहिजे असे नाही. संस्कृतातून आलेल्या शब्दांत तर पकडापकडीचा मागमूसही नाही. अद्भुत रसाचा स्थायीभाव जो विस्मय, त्याच्या धातूचा अर्थ स्मित करणे असा आहे. ‘चकित’ मात्र मुळात भ्यालेल्या, थरथरणाऱ्या प्राण्याचे विशेषण होते. मराठीत येईपर्यंत त्यातली भीती बहुतेक झडून गेली. काव्यशास्त्राच्या चर्चेत विस्मयाचा विचार पुष्कळ झाला, पण युद्धातल्या, व्यवहारातल्या चकित होण्याचा विचार या शब्दांच्या आधारे करता येत नाही. तिथे मराठीने दोन वेगळे शब्द वापरले : ‘बेसावध’ आणि ‘गाफील’.

हे दोन्ही शब्द प्रसंगाचे वर्णन करीत नाहीत; माणसाची परीक्षा करतात. ‘बेसावध’ या शब्दात फारसी उपसर्ग संस्कृत ‘अवधाना’शी जोडला गेला आहे. ‘गाफील’ अरबीतून आला. त्याचा अर्थ दुर्लक्ष करणारा, आणि सूफी परिभाषेत ईश्वराचा विसर पडणे म्हणजे गफलत. म्हणजे दोन्हीकडे अवधान सुटणे हा आधी आध्यात्मिक दोष आहे, मग लष्करी. जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. लग्नमंडपात ‘सावधान’ हा शब्द ऐकून त्यांनी बोहल्यावरून पळ काढला, ही कथा ऐतिहासिक असो वा नसो, मराठी मनाने तिला जपले आहे. कारण त्या कथेत विधीतला एक निरर्थक झालेला शब्द अक्षरशः घेतला जातो. ‘दासबोधा’त राजकारणाच्या पाठोपाठ ‘सावधपण’ येते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या भाषेत सावधपण हा सद्गुण आहे, तिथे अवचित गाठला गेलेला माणूस निव्वळ दुर्दैवी राहू शकत नाही. तो चुकलेला ठरतो.

या अर्थभाराचा परिणाम कुठे होतो, हे त्याच जिल्ह्यातील असईच्या लढाईवरून तपासता येते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजांवर आर्थर वेलस्लीने हल्ला केला. दोनच दिवस आधी बदनापुरात वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन २४ तारखेला एकत्र हल्ला करण्याचा बेत केला होता. तो फसला, कारण शत्रूची छावणी अपेक्षेपेक्षा फार जवळ निघाली. वेलस्लीने पुढे एका पत्रात याचे कारण दिले आहे आणि ते भाषाभ्यासकाने मुद्दाम वाचावे असे आहे. हरकाऱ्यांनी शत्रू ‘भोकरदन’ला असल्याची बातमी आणली होती. वेलस्लीने ते गावाचे नाव समजले. पण ते भोवतालच्या मुलखाचेही नाव होते. फौजेची उजवी बाजू भोकरदनजवळ होती हे खरे, पण ज्या पायदळावर हल्ला करायचा होता ते काही मैल अलीकडे असईला होते. बातमी खोटी नव्हती. एका नावाचे दोन अर्थ होते आणि ऐकणाऱ्याने त्यातला एकच ऐकला.

म्हणजे त्या दिवशी पहिला चकित झालेला माणूस वेलस्ली होता. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने लढण्याचे ठरवले. वाटाड्यांनी उतार नसल्याचे सांगितले, तेव्हा दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली गावे पाहून त्याने नदीला उतार असणारच असा तर्क केला, असे त्याच्या चरित्रांत सांगितले जाते. नदी उतरून तो शत्रूच्या बगलेवर आला. इथे दुसरा पक्ष चकित झाला असे म्हणावे, तर शिंद्यांच्या कवायती पलटणींचा जर्मन सेनानी पोलमन याने फौजेची सगळी आघाडी वळवून तोफा नव्या दिशेला रोखल्या. ही हालचाल इतकी शिस्तीत होईल, अशी अपेक्षा वेलस्लीने केली नव्हती. त्याच्याकडील मृत आणि जखमी मिळून १,५०० हून अधिक माणसे पडली. गाफील सैन्याकडून असे होत नाही.

तरीही मराठीत पराभवाचे कथन करताना ‘मराठे गाफील राहिले’ हे वाक्य लेखणीच्या टोकाशी तयार असते. इंग्रजी मजकुरातील ‘सरप्राइज’चे भाषांतर करताना तेच वाक्य उतरले की घटनेचे रूपांतर दोषात होते. वाऱ्याने शिडे उलटल्याचे विधान मराठीत खलाशी झोपल्याचे विधान होते. वास्तविक मराठीत ‘अवचित’, ‘अकल्पित’, ‘एकाएकी’ हे शब्द आहेत, आणि ‘गाठ पडणे’ हा दोन्ही बाजूंना सारखा लागू पडणारा प्रयोगही आहे. ‘गाठणे’ची अडचण अशी की, त्याच्यामागे ‘बेसावध असताना’ हे शब्द जवळपास आपोआप येतात. पराभवाच्या कारणांविषयी कडक असणे ही मराठी इतिहासलेखनाची जमेची बाजू आहे. पण तो कडकपणा पुराव्यातून आला की शब्दकोशातून, हा प्रश्न असईच्या बाबतीत तरी विचारावा लागतो. एकाच दिवशी दोन सेनापती अवचित गाठले गेले. त्यांपैकी भोकरदनचा अर्थ चुकवणाऱ्याला मराठीत कोणी गाफील म्हटल्याचे सहसा आढळत नाही.