भागिले आणि गुणिले

व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो. त्याच व्होल्टेजला त्याच करंटने गुणलं की पॉवर मिळते. विजेच्या शास्त्रात याहून आटोपशीर रचना मला माहीत नाही. आकडे दोनच. मधलं चिन्ह बदललं की एकदा वस्तूचा स्वभाव कळतो आणि एकदा तिचं काम.

थेरगावातल्या एखाद्या फ्लॅटमधला गीझर घ्या. पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॅट असं छापलेलं असतं. वायरमन फेजच्या वायरीभोवती क्लॅम्प मीटर अडकवतो आणि आकडा येतो ८.७ अँपिअर. गुणलं तर २००१ वॅट, म्हणजे पाटी खरी आहे. भागलं तर सुमारे २६.४ ओहम. मग एमसीबी पाडून, वायरी सोडवून, मल्टिमीटर थेट एलिमेंटच्या दोन टोकांना लावला तरी जवळपास तेवढेच ओहम दिसतात, कारण नायक्रोमच्या तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही. चालू यंत्रावरचा हिशेब आणि बंद यंत्रावरचं माप एकमेकांना साक्ष देतात. हा या सूत्राचा पहिला आनंद.

खरा रस पुढे आहे. दोन्ही ओळी एकमेकींत घातल्या की पॉवरची आणखी दोन रूपं निघतात: करंटचा वर्ग गुणिले रोध, आणि व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. पहिलं म्हणतं, रोध वाढला की उष्णता वाढते. दुसरं म्हणतं, रोध वाढला की उष्णता घटते. विद्यार्थी इथे अडखळतो, आणि त्याने अडखळावंच. दोन्ही विधानं खरी आहेत. कुठलं कुठे लावायचं ते सूत्र सांगत नाही. काय कायम राहिलंय, हे आपण पाहायचं असतं.

जुन्या कॉइलच्या शेगडीकडे पाहा. कॉइल तुटली की घरोघरी तुटकी टोकं ओढून एकमेकांत अडकवायचे आणि शेगडी पुन्हा लाल व्हायची, किंबहुना आधीपेक्षा जास्त लाल. समजा कॉइल २००० वॅटची, म्हणजे २६.४५ ओहमची होती आणि तिचा दहावा हिस्सा तुटून गेला. उरले सुमारे २३.८ ओहम. घरातलं व्होल्टेज तेच, २३०. त्याच्या वर्गाला भागलं की येतात सुमारे २२२० वॅट. तार कमी, उष्णता जास्त. म्हणूनच जोडलेली कॉइल लवकर पुन्हा तुटायची. इथे व्होल्टेज कायम होतं, म्हणून भागिलेवालं रूप बोललं.

आता त्याच गीझरच्या सॉकेटमधला सैल स्क्रू पाहा. सैल जागेचा रोध अर्धा ओहम धरू. एलिमेंटमधून जाणारा करंट त्या जागेतूनही जाणारच, दुसरी वाट नाही. हा करंट सुमारे साडेआठ अँपिअर. त्याचा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे सुमारे ३६ वॅट. जणू प्लॅस्टिकच्या डबीत कुणी सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून दिलं. पाणी तापायला काहीच फरक जाणवत नाही, कारण जेमतेम चार व्होल्ट खर्ची पडलेत. पण प्लगची पिन काळी पडते, सॉकेट पिवळट होऊन वितळू लागतं. इथे दोघांमधला करंट एकच, म्हणून गुणिलेवालं रूप बोललं. एकाच वायरीत दोन्ही सत्यं शेजारी नांदतात.

या रचनेचा कर्ता गेऑर्ग ओहम हा कुलपं बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा, कलोनच्या शाळेत शिक्षक. त्याची मोठी अडचण हीच होती की काही स्थिर राहीना. त्या काळच्या बॅटऱ्यांचा जोर बघता बघता उतरायचा. मग त्याने तांबं आणि बिस्मथ यांचे सांधे घेतले, एक उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानाचा फरक कायम, म्हणून जोरही कायम. त्यावर वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून त्याने करंट मोजला आणि १८२७ साली ग्रंथ छापला. मायदेशात आधी उपेक्षाच झाली; रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक आलं ते १८४१ साली. त्याच वर्षी जूलचा करंटच्या वर्गाचा नियमही छापून आला. एक गोष्ट स्थिर धरून दुसरी मोजणं, ही ओहमची खरी देणगी.

सूत्राच्या मर्यादाही त्याच कसोटीने कळतात. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो; थंड असताना मल्टिमीटर त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी दाखवतो. टंगस्टनचं तापमान स्थिर नाही, म्हणून रोधही नाही. बल्ब बहुधा बटण दाबतानाच का उडायचा, याचं उत्तर यात आहे. पिंपरी-चिंचवडच्या गाळ्यांमधली मोटर तर आणखी वेगळी. तिच्या वाइंडिंगचे ओहम मोजून चालू करंट निघत नाही, आणि पॉवर काढताना पॉवर फॅक्टरने गुणावं लागतं. व्होल्टेज पडलं की गीझर कमी करंट ओढतो. लोडवरची मोटर मात्र जास्त ओढते आणि तापते, कारण तिला काम तेवढंच करायचं असतं.

हेच वाचन मोठ्या पटावरही खरं ठरतं. खोपोलीच्या केंद्रातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली, ती उच्च दाबाने. पाठवायची पॉवर तेवढीच ठेवून व्होल्टेज दहापट केलं की करंट एक दशांश होतो आणि तारांतली उधळण एक शतांश. आज चाकणच्या कारखान्यांकडे जाणारे मनोरे याच वर्गाच्या भरवशावर उभे आहेत.

म्हणून आयटीआयच्या वर्गात हे सूत्र फळ्यावर लिहिताना मास्तरांनी आकडे देण्याआधी एक प्रश्न विचारावा: इथे कायम काय आहे? त्याचं उत्तर ज्याला देता येतं, त्याला भागावं की गुणावं हे सांगावं लागत नाही, आणि जळका वास आला की आधी कुठला स्क्रू तपासायचा तेही त्याला ठाऊक असतं.