कड्यातील घरे आणि अमूर्ताचा कर्ता

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात प्राचीन पुएब्लो समाजाने कडेकपारींत बांधलेली दगडी घरे विसाव्या शतकातील अमूर्त चित्रकलेला सोयीची ठरली. कोलोरॅडोतील मेसा व्हर्डे येथील क्लिफ पॅलेस पाहावा: सुमारे १५० खोल्या, चौकोनी बुरूज, जमिनीत खोदलेले 'किवा' नावाचे वर्तुळाकार विधिकक्ष आणि या साऱ्यावर कड्याचे छत. घन, वर्तुळ, छाया. चित्रकाराचे अर्धे काम जणू आधीच झालेले. १९२४ मध्ये सांता फे येथे स्थायिक झालेल्या रेमंड जॉन्सनच्या 'क्लिफ ड्वेलिंग्ज' या चित्रांत घरे आणि खडक एकाच भौमितिक लयीत गुंफले जातात. त्या चित्रांची रचनाशिस्त निर्विवाद आहे. प्रश्न या शिस्तीने काय वगळले, हा आहे.

'अमूर्त' हा मराठी प्रतिशब्द या प्रश्नावर पांघरूण घालतो. मूर्त नाही ते अमूर्त, एवढेच तो सांगतो. 'ॲब्स्ट्रॅक्ट'च्या लॅटिन मुळात मात्र ओढून वेगळे करण्याची क्रिया आहे. आणि क्रिया म्हटली की कर्ता आला, बाजूला काढलेली वस्तूही आली. इथे बाजूला पडली ती चूल, मक्याचे कोठार, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस, दुष्काळाच्या काळात, दक्षिणेकडे गेलेली माणसे. ती नाहीशी झाली नाहीत. होपी, झुनी आणि रिओ ग्रान्देकाठचे पुएब्लो त्यांचेच वंशज होत. म्हणजे चित्रातील रिक्तता वास्तूत सापडलेली नाही, ती पाहणाऱ्याने सोबत आणलेली आहे. विला कॅथरच्या 'द प्रोफेसर्स हाउस' (१९२५) या कादंबरीतही कड्यातील नगर निर्मनुष्यच आहे. पण तेथील वस्तू सोबत्याने परस्पर विकल्यावर टॉम आउटलंडची जी तडफड होते, तिच्यात त्या रिक्ततेचा हिशेब तरी मांडला जातो. जॉन्सनच्या चित्रांत तो नाही.

सांता क्लारा पुएब्लोची हेलन हार्डिन (१९४३–१९८४) त्याच पूर्वजांच्या भांड्यांवरील नक्षी आणि खडकांवरील चिन्हे कंपास व पट्टी घेऊन रचते, रंगाचे थरांवर थर चढवते. तिची भूमिती जॉन्सनहून काटेकोर आहे. तिला केवळ 'आतली' म्हणून अस्सल ठरविणे मात्र आळशीपणाचे होईल. आई पाब्लिता वेलार्दे हिच्या कथनपर शैलीपासून दूर जाऊनच ती अमूर्ताकडे आली. तिनेही काही वगळले आहे. पण तिने वगळली ती गोष्ट सांगण्याची रीत. माणूस चित्रात राहिला: तिच्या वर्तुळांतून आणि कोनांतून मुखवटा उमटतो, आणि तो पाहणाऱ्याकडे पाहत असतो.