पी-१, पी-२ आणि पायी चालणारा

समीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुस्तक येतं, नाटक येतं, फार तर सिनेमा येतो. आज आम्ही समीक्षेला घेतो आहोत एक पाटी, आणि त्या पाटीमागचं धोरण. पुण्याच्या पेठांमध्ये फिरलेल्या प्रत्येकाने ही पाटी पाहिलेली आहे. रस्त्याच्या एका बाजूला 'पी-१', समोरच्या बाजूला 'पी-२'. विषम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या, सम तारखेला दुसऱ्या. शहराच्या मध्यभागातल्या पार्किंगचा आपला विचार कुठवर गेला आणि कुठे अडला, हे या दोन अक्षरांत सगळं सापडतं, असं आमचं म्हणणं आहे.

आधी पाटीचं कौतुक करू. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना गाड्या लावल्या तर मधून बस जाणार नाही. मग एकाच बाजूला लावू द्या. पण कुठल्या बाजूला? ज्याच्या दुकानासमोर कायम गाड्या, त्याचा दर्शनी भाग झाकला जाणार. ज्याच्यासमोर कधीच नाहीत, तो म्हणणार माझ्या गिऱ्हाइकाने गाडी लावायची कुठे? तेव्हा एक दिवस तुझा, एक दिवस माझा. दोन भावांनी विहिरीच्या पाण्याची पाळी लावावी, तसा हा वाटा. नियम सोपा आहे, फुकट आहे, आणि कॅलेंडर भिंतीवर असतंच.

आता गंमत बघा. महिना ३१ दिवसांचा असला की ३१ तारीखही विषम आणि पुढची १ तारीखही विषम. असे महिने वर्षात सात. हिशेब केला तर साध्या वर्षात विषम तारखा येतात १८६ आणि सम तारखा १७९. म्हणजे पी-१ च्या बाजूला वर्षाला सात दिवस गाड्या जास्त उभ्या राहतात. या सात दिवसांचा हिशेब कुणी मांडला, तर तो ऐकून घेतला जाईल, कारण तो या नियमातला पक्षकार आहे. पण आमचा प्रश्न तिसऱ्याचा आहे. जो गाडी घेऊन आलेलाच नाही. जो मंडईतून पिशवी घेऊन चालत निघाला आहे, जी बाई मुलाला शाळेतून आणते आहे, जे आजोबा काठी टेकत बँकेत चालले आहेत. त्यांच्यासाठी विषम तारखेला काय आहे? आणि सम तारखेला? पी-१ मध्येही ते नाहीत, पी-२ मध्येही नाहीत. पाटीने रस्त्याची वाटणी केली ती वाहनवाल्यांमध्ये. चालणाऱ्याला त्यात हिस्साच नाही. आमच्या टीकेचा मुद्दा हा एवढाच आहे, आणि पुढचं सगळं त्याचाच विस्तार आहे.

ही वाटणी करतं कोण? इथे आपल्याकडे मोठा घोळ असतो. लोक म्हणतात, 'महापालिकेने नो पार्किंग केलं.' बरेचदा ते महापालिकेने केलेलं नसतं. मोटार वाहन कायदा, १९८८, यातल्या कलम ११५, ११६ आणि ११७ च्या आधारे वाहतूक पोलीस आदेश काढतात. नो पार्किंग, पी-१ पी-२, एकेरी वाहतूक, सगळं त्यातून येतं. पुण्यात पद्धत अशी, की आधी तात्पुरता आदेश निघतो, नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवतात आणि मग अंतिम आदेश होतो. फूटपाथ किती रुंद असावा, पार्किंगला पैसे घ्यायचे की नाही, वाहनतळ कुठे बांधायचा, हे मात्र महापालिकेकडे. एक घर रंग ठरवणार, दुसरं घर भिंत बांधणार. कलम ११७ मध्ये स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून वाहनांच्या जागा ठरवाव्यात असं म्हटलेलं आहे. कायद्याला हा घोळ अपेक्षित नव्हता. पण प्रत्यक्षात नियम बदलतो तो पाटीपुरता. पाटी बदलली म्हणून फूटपाथ एक इंचही वाढत नाही.

आता पाटीवरून धोरणाकडे येऊ. केंद्र सरकारने २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आणलं. त्यात एक गोष्ट स्वच्छ मांडली आहे: शहरातली जमीन मौल्यवान आहे, पार्किंग ती अडवतं, म्हणून पार्किंगचं शुल्क त्या जमिनीचं मोल दाखवणारं असावं. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण केलं. मार्च २०१८ मध्ये सर्वसाधारण सभेने पार्किंग धोरणही मंजूर केलं. त्यात शहराचे विभाग पाडून रस्त्यावरच्या पार्किंगला वेळेप्रमाणे शुल्क घेण्याची कल्पना होती. त्या वेळी शहरात केवढा गदारोळ झाला, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. शेवटी काय ठरलं? आधी निवडक पाच रस्त्यांवर प्रयोग करू. आणि त्या प्रयोगाचं घोडं अडलं ते अडलंच. विषय पुन्हा पुन्हा निघत राहिला, कागद हलत राहिले, पेठांमध्ये पाट्या त्याच राहिल्या.

या धोरणाची बाजू आधी मांडू. एका मोटारीला उभं राहायला साधारण पाच मीटर बाय अडीच मीटर जागा धरतात. साडेबारा चौरस मीटर, म्हणजे जवळपास १३५ चौरस फूट. पेठेत एवढी खोली भाड्याने घ्यायला जा, मालक काय भाडं सांगतो ते बघा. तीच जागा रस्त्यावर, त्याच खोलीच्या खिडकीखाली, दिवसभर फुकट. आणि त्याच फूटपाथवर बसणारा पथारीवाला? चार-पाच फुटांची त्याची पथारी. त्याला परवाना लागतो, तो महापालिकेला शुल्क भरतो आणि तरीही अतिक्रमण विभागाची गाडी दिसली की त्याचा जीव खालीवर होतो. जो त्या जागेवर पोट भरतो त्याच्याकडून पैसे, आणि जो त्या जागेवर फक्त लोखंड उभं करून जातो त्याला माफी. या न्यायाला नाव काय द्यायचं, ते तुम्हीच ठरवा.

मग लोक चिडले ते उगाच चिडले का? आम्ही तसं म्हणणार नाही. विरोध करणाऱ्यांना 'फुकटे' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण लोकांचे तीन प्रश्न खरे होते. पहिला: बस वेळेवर येत नाही, तर गाडी आणू नको म्हणता कशाच्या जोरावर? दुसरा: वसुली ठेकेदाराकडे गेली की पावती मिळेल का? दर पाटीवरचा की त्या पोऱ्याच्या तोंडचा? तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा: पैसे जाणार कुठे? धोरणाने दराचा विचार बारकाईने केला. पण ज्या रस्त्यावर पैसे गोळा होणार, त्या रस्त्याला त्यातून काय मिळणार, हे लोकांच्या मनावर ठसेल असं कुणी सांगितलंच नाही. धोरणाचं अपयश आम्हाला दरापेक्षा इथे जास्त दिसतं.

याचा एक दाखला देतो. कॅलिफोर्नियात पासाडेना नावाचं शहर आहे. त्याच्या जुन्या बाजारपेठेत १९९३ मध्ये पार्किंगचे मीटर बसवायचे ठरले. दुकानदारांचा विरोध, अगदी आपल्यासारखाच: गिऱ्हाईक पळेल! नगरपालिकेने वचन दिलं, की मीटरचा पैसा याच बाजारपेठेत खर्च होईल. फूटपाथ, झाडं, दिवे, साफसफाई. विरोध मावळला आणि बाजार सुधारला. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी २००५ मध्ये फुकट पार्किंगच्या किमतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात हा दाखला त्यांनी पुढे केला. त्यांचं सूत्र साधं होतं: दर असा ठेवा, की प्रत्येक गल्लीत एक-दोन जागा नेहमी मोकळ्या सापडतील. जागा सगळ्या भरलेल्या असतील तर दर कमी आहे, ओस पडल्या असतील तर जास्त आहे. पुणे म्हणजे पासाडेना नव्हे, हे आम्हालाही कळतं. आपल्याकडे दुचाकी जास्त, गल्ल्या अरुंद, हातगाड्या आणि टेम्पो त्याच रस्त्यावर. पण 'माझा पैसा माझ्याच रस्त्यावर दिसला पाहिजे' ही मागणी काही परदेशी नाही. गावच्या जत्रेची वर्गणी देणाराही तेच विचारतो.

दुकानदारांचं म्हणणंही ऐकू. लग्नाचा बस्ता बांधायला सासवडहून, भोरहून माणसं येतात. घरची दहा जणं, पिशव्या, म्हातारी माणसं. ते बसने कसे येणार? रास्त आहे. पण त्या कुटुंबाला आज जागा मिळते का? मिळत नाही, कारण ती सकाळीच भरलेली असते. सकाळी दहाला लावलेली गाडी रात्री निघते, आणि ती बरेचदा गिऱ्हाइकाची नसते. ती त्याच रस्त्यावर काम करणाऱ्याची किंवा खुद्द दुकानमालकाची असते. एका जागेवर एक गाडी दिवसभर उभी राहिली, तर त्या जागेने एकाला सांभाळलं. तीच जागा तासा-दोन तासांनी मोकळी झाली, तर पाच-सहा कुटुंबांचा बस्ता होतो. फुकट पार्किंगने गिऱ्हाईक येतं, हा समज दुकानदाराच्याच गल्ल्यावर उलटतो. दिवसभराची गाडी मंडईजवळच्या बहुमजली वाहनतळात जावी आणि रस्ता थोड्या वेळासाठी यावा, एवढी साधी उलटापालट हवी आहे. त्यासाठी वाहनतळ स्वस्त आणि रस्ता महाग लागतो. आपल्याकडे रस्ता फुकट असल्यामुळे वाहनतळाचे थोडे पैसेही माणसाला जड वाटतात.

दर लावायला धीर होत नाही, म्हणून मग आपण दंडाकडे वळतो. जुलै २०१९ मध्ये मुंबई महापालिकेने निवडक सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा गाडी लावली तर हजारो रुपयांचा दंड जाहीर केला. पुण्यात दुचाकी उचलणारा टेम्पो आणि चारचाकीचा जॅमर सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. दंडाची गरज आहेच. पण दंड ज्याच्यावर पडतो तो स्वतःला गुन्हेगार समजत नाही, दुर्दैवी समजतो. 'आजच नेमकी उचलली!' असं म्हणतो. दर सगळ्यांना सारखा असतो, दंड नशिबाचा. नशिबावर चालणाऱ्या नियमाबद्दल कुणाला आदर वाटत नाही.

आता एक चांगली गोष्ट. ११ डिसेंबर २०२१ रोजी पुणे महापालिकेने पादचारी दिन पाळला. लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद ठेवून चालणाऱ्यांना खुला केला. पुढेही तो दिवस पाळला जाऊ लागला. ज्या रस्त्यावर एरवी अंग चोरून चालावं लागतं, तो रस्ता मधोमध चालत पाहता आला. पण समीक्षकाने इथे विचारलंच पाहिजे: बैलाला पोळ्याच्या दिवशी पुरणपोळी देतात, उरलेले ३६४ दिवस औत. चालणाऱ्याचा पोळा किती दिवस साजरा करायचा? त्या एका दिवशी जे शक्य झालं, त्यातलं थोडं तरी रोजच्या नियमात यायला हवं. निदान एका बाजूचं पार्किंग कायमचं काढून तिथे रुंद, सलग फूटपाथ, टेम्पोला माल उतरवायला ठरावीक वेळ, आणि अपंग व्यक्तींच्या वाहनासाठी राखीव जागा.

तेव्हा यापुढे तुमच्या शहरात, मग ते पुणे असो, कोल्हापूर असो की नाशिक, पार्किंगचा नवा नियम आला, की तो चार प्रश्नांवर तपासून पाहा. हा नियम चालणाऱ्याला किती फूट देतो? दिवसभर उभी राहणारी गाडी तो हलवतो का? गोळा झालेला पैसा कुठे दिसणार, हे लिहिलेलं आहे का? आणि पोलीस व महापालिका, दोघांची त्यावर सही आहे का? चारांपैकी एकाचंही उत्तर मिळत नसेल, तर तो नियम म्हणजे फक्त पाटीची रंगरंगोटी.

आणि हरकती-सूचनांची मुदत असते, तेव्हा लिहा. गाडीवाले लिहितात, दुकानदार लिहितात, त्यांच्या संघटना आहेत. चालणाऱ्यांची हरकत मात्र फाइलमध्ये फारशी नसते, आणि फाइलमध्ये नसलेला माणूस रस्त्यावरही मोजला जात नाही. एका पानाचा अर्ज पुरतो. 'आम्ही इथून रोज चालतो, आम्हाला जागा कुठे?' एवढं लिहिलं तरी चालेल.

आता प्रश्न घेऊ या.