परक्याचा ठेका आणि आपला आक्रोश

संगीत ऐकावे की ऐकू नये यावरून आमच्या समाजात फार जुने दोन तट आहेत. अशात हार्डकोर पंक आणि इलेक्ट्रॉनिक संगीताची बाजू घेऊन उभे राहणे म्हणजे दोन्हीकडून मार खाणे. ज्यांना संगीतच वर्ज्य त्यांच्यापुढे बोलायचा प्रश्न नाही. आणि ज्यांचा जीव गझल-कव्वालीत रमतो त्यांना हा निव्वळ गोंगाट वाटतो. तरीही आम्ही या गोंगाटाचे चाहते आहोत, हे कबूल केलेले बरे. त्यातले दोन अल्बम काही केल्या आमच्या कानातून जात नाहीत. एक, मँचेस्टरच्या 'मुस्लिमगॉझ'चा 'मुल्ला सईद' (१९९८). दुसरा, न्यूयॉर्कच्या 'हराम' या बँडचा २०१७ सालचा अल्बम; त्याच्या अरबी नावाचा अर्थ 'जिंकलास तेव्हा हरलास' असा काहीसा होतो.

'मुस्लिमगॉझ' हे नाव वाचून कुणाही वाचकाला वाटेल की हा कोणी आपल्यातला कलावंत असणार. तसे नाही. हे नाव घेऊन एकटाच काम करणारा ब्रिन जोन्स १९६१ साली सॅल्फर्ड येथे जन्मला. तो मुसलमान नव्हता आणि पश्चिम आशियात त्याने कधी पाऊलही ठेवले नाही. १९८२ साली इस्राएलने लेबनॉनवर आक्रमण केले, त्याच्या संतापातून त्याचे हे काम उभे राहिले. मलमलीच्या विरळ कापडाला इंग्रजीत जे म्हणतात त्यावर श्लेष करून त्याने हे नाव घेतले. जानेवारी १९९९ मध्ये, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी तो वारला. तोवर त्याचे नव्वदच्या वर अल्बम निघाले होते आणि मागे ठेवलेल्या ध्वनिफितींतून पुढेही कित्येक वर्षे निघत राहिले.

'मुल्ला सईद' ऐकताना घाई चालत नाही. संथ, जड ठेका सुरू होतो आणि दहा-दहा मिनिटे तोच चालू राहतो. खाली खर्जाचा घुमारा, वर हातांनी वाजवलेली चर्मवाद्ये, मधूनच कुठूनतरी आलेले माणसांचे आवाज. शेजारच्या घरातला रेडिओ भिंतीतून ऐकू यावा तसे. मध्येच ठेका कापला जातो, क्षणभर शांतता पसरते आणि पुन्हा तोच ठेका. गाणे नाही, शब्द नाहीत, घोषणा नाही. मोहरममध्ये ताबुतांपुढे हलगी-ताशा ऐकत वाढलेल्या आमच्या कानांना या पुनरावृत्तीचे नवल वाटले नाही. एकच ठेका दीर्घकाळ वाजत राहिला की शोक अंगात उतरतो, हे आम्हाला लहानपणीच कळले होते. यंत्रे आणि ध्वनिफिती यांच्या साह्याने एका इंग्रज माणसाने तोच परिणाम साधावा, याचे मात्र नवल वाटले.

जोन्सचे सारे राजकारण त्याच्या शीर्षकांत असे. या अल्बममधल्या एका रचनेचे नाव आहे पॅलेस्टाइनच्या वाळूचा कण न् कण. ते ऐकताना ऊर भरून येतो. पण त्याच अल्बममध्ये दुसरे एक शीर्षक आहे : 'मुस्लिम्स डाय इंडिया'. हे नाव प्रथम वाचले तेव्हा आम्ही हातातले काम थांबवले होते. १९९८ हेच ते वर्ष, ज्या वर्षी १९९२-९३ च्या मुंबई दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल विधिमंडळात मांडला गेला. आमच्याच राज्यात त्या अहवालाची टोलवाटोलवी चालली असताना दूर मँचेस्टरमधला एक परका माणूस आमच्या मरणाची नोंद घेतो, याबद्दल कृतज्ञता वाटलीच. ती आजही आहे.

पण त्याच शीर्षकाशी आमचे भांडणही आहे. भारतातला मुसलमान त्यात येतो तो फक्त मरण्यापुरता. जोन्सच्या शेकडो शीर्षकांतून मुल्ला आहेत, बंदुका आहेत, बुरखे आहेत, हमास आणि हिजबुल्ला आहेत. घरभाड्याच्या चिंतेने रात्रभर जागणारा, मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी रांगेत उभा राहणारा, मराठीत कविता लिहून ती संपादकाला पाठवावी की नाही या विचारात पडलेला मुसलमान त्यांत कुठेच नाही. त्याची सहानुभूती खरी होती, यात शंका नाही. पण लांबून पाहणाऱ्याला जे दिसते तेवढेच त्याला दिसले. आमचे शत्रू ज्या दोन रूपांत आम्हाला पाहतात, मारणारा आणि मरणारा, त्याच दोन रूपांत या मित्रानेही आम्हाला पाहावे, हे आम्हाला लागते.

'हराम'कडे आम्ही वळलो ते या खंतीमुळे. हार्डकोर हा पंकचा अधिक वेगवान, अधिक कडवा अवतार. १९८०च्या आसपास अमेरिकेत तो घडला आणि वॉशिंग्टनच्या 'बॅड ब्रेन्स' या कृष्णवर्णीय तरुणांच्या बँडचा त्यात मोठा वाटा होता. गाणे दीड-दोन मिनिटांचे, ढोलाची गती श्वास घेऊ न देणारी, गायन म्हणजे ओरडणे. 'हराम'चा गायक लेबनानी कुटुंबातला, अमेरिकेत वाढलेला. तो अरबीत ओरडतो. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या न्यूयॉर्कमध्ये अरबी बोलणे म्हणजे आसपासच्या नजरा अंगावर ओढवून घेणे. ती भाषा हळू आवाजात बोलायची असते, हे तिथली मुले न शिकवता शिकली. हा तीच भाषा ध्वनिवर्धकावर, गळा फाटेपर्यंत ओरडतो.

आमच्यासाठी अरबी ही तिलावतची भाषा. अर्थ न कळता आम्ही ती ओठांवर वागवली, अदबीने, उच्चार सांभाळत. त्या भाषेत कुणी रागावतो, रडतो, त्रासून ओरडतो, हे आम्ही असे कधी ऐकलेच नव्हते. प्रथम ऐकताना अवघडल्यासारखे झाले, हे लपवत नाही. मग ध्यानात आले की अरबी ही कुणाची तरी मायबोलीही आहे. मायबोलीत माणूस दुआ मागतो आणि मायबोलीतच कळवळतो. मुसलमानाची भाषा उर्दू, असे दोन्हीकडून ऐकत आलेल्या आणि तरीही मराठीतच लिहिणाऱ्या आम्हा मंडळींना हे दुसऱ्या कुणी समजावून सांगायला नको.

बँडचे नावही पाहा. लोक जो शब्द तोंडावर फेकतात तोच उचलून त्यांनी आपल्या पाटीवर लिहिला. दलित साहित्याने आपल्याकडे हे फार पूर्वी करून दाखवले आहे.

'हराम'मध्ये उणिवा नाहीत असे नाही. सगळा अल्बम एकाच पट्टीत तापलेला राहतो. 'मुल्ला सईद'सारखी थांबण्याची जागा त्यात क्वचितच सापडते. कलेच्या हिशेबाने जोन्सचा अल्बम कदाचित सरस ठरेल. रात्री उशिरा, दिवा मालवून ऐकायला आम्ही आजही तोच लावतो. पण आमच्याविषयी बोलणारा आणि आमच्यातून बोलणारा यांत फरक राहतोच. पहिल्याचे आभार मानावेत. दुसऱ्याचा आवाज कर्कश लागला तरी पुरता ऐकून घ्यावा, कारण त्यात मरणारा मुसलमान नसतो. जगताना वैतागलेला, म्हणून जिवंत असलेला माणूस असतो. आमच्या मराठी कथा-कवितेतही तोच माणूस आम्ही शोधत असतो.