केर कोणी उचलला?

वाचकहो, आपल्या वारकरी कीर्तनात एक शब्द पहिल्या काही मिनिटांतच कानावर पडतो. अभंगाचे चरण म्हणून झाले की महाराज सांगतात, आजच्या सेवेसाठी घेतलेला अभंग अमुक संतांचा आहे. कीर्तन ही सेवा. सप्ताहात वीण्याचा पहारा देणे ही सेवा. पंगत वाढणे ही सेवा. शब्द चांगला आहे, वापरही योग्य आहे. पण अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचे धोतर रोज धुणारी सून घ्या. तिला आपण सेवेकरी म्हणत नाही. 'घरचं सगळं तीच बघते' एवढे म्हणून पुढे जातो. मठात केले तर सेवा आणि घरात केले तर काम, हा भेद संतांनी केलेला आहे का? याचे उत्तर शोधायला आज जनाबाईंचे अभंग समोर घेऊ.

जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडच्या. लहानपणीच पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आल्या आणि जन्मभर त्याच घरात राबल्या. घर मोठे. दामाशेटी, गोणाई, नामदेवराय, राजाई, चार मुले, चार सुना. एवढ्यांचे दळण, कांडण, पाणी, धुणे, झाडलोट म्हणजे किती काम असेल याचा अंदाज ज्या माउल्यांनी एकत्र कुटुंबात उमेद घालवली त्यांनाच येईल. जनाबाईंच्या नावावर आज साडेतीनशेच्या आसपास अभंग मिळतात. त्यांत नाममहिमा आहे, संतांची स्तुती आहे, अद्वैताचा अनुभव आहे, विठोबाशी भांडणही आहे. मी विचाराला घेतो ते फक्त एका प्रकारचे अभंग. देव जनीबरोबर घरकाम करतो, असे सांगणारे.

हे अभंग आपण इतके ऐकले आहेत की त्यांत काय लिहिले आहे तिकडे लक्षच जात नाही. कामांची यादी करून पाहा. दळणे, कांडणे, झाडणे, पाणी आणणे, शेणी वेचणे, धुणे धुणे, डोके न्हाऊ घालणे. या यादीत पूजेचे एकही काम नाही. देव जनीला हार देत नाही, वर देत नाही, चतुर्भुज रूप दाखवून तिला स्तिमित करीत नाही. तो तिच्या कामाला हात लावतो.

आता तो हात कुठे लावतो ते पाहा. झाडलोटीच्या अभंगात झाडणारी जनीच आहे. देवाच्या वाट्याला पुढचे काम येते, म्हणजे गोळा झालेला केर भरणे आणि लांब नेऊन टाकणे. पाण्याला जातानाही जनी पुढे आणि देव तिच्या मागे. 'तू बस, आज मी करतो' असे म्हणून त्याने काम तिच्या हातून काढून घेतलेले नाही. तिचे काम तिचेच ठेवले आणि त्यातला जो भाग कोणालाच नको असतो, तो स्वतःकडे घेतला. ज्याने घरात कधी केर काढला आहे त्याला ठाऊक असते की झाडून झाल्यावर जमीन स्वच्छ दिसते आणि झाडणाऱ्याला समाधान मिळते. केराची पाटी उचलून उकिरड्यापर्यंत जाण्यात कसलेच समाधान नाही. देवाने ते घेतले. आपण मदत करतो तेव्हा दिसणारा भाग घेतो आणि पाटी दुसऱ्यासाठी ठेवतो. पाहुणे आले की पंगत वाढायला पाच जण कंबर बांधून उभे राहतात. खरकटी भांडी घासायला किती जण थांबतात, हे आपल्या घरी मोजून पाहा.

दुसरा अभंग न्हाण्याचा. तुळशीच्या बनात जनी वेणी सोडून बसली आहे. देव हातात लोणी घेऊन तिचे डोके चोळतो, वर पाणी घालतो. देव असे का करतो, याचे कारणही त्या अभंगातच दिले आहे. जनीला कोणी नाही, म्हणून. हे कारण वाचताना थांबायला हवे. जनीला कोणी नाही? नुकतीच आपण त्या घरातली माणसे मोजली. भरलेले घर आहे, तेही संतांचे. त्या घरातल्या प्रत्येकाचे पीठ जनीच्या जात्यातून निघते. आणि तिच्या डोक्यावर पाणी घालायला मात्र कोणी नाही. यात नामदेवरायांना दोष द्यायचा नाही. तसा दोष जनाबाईंनी दिलेला नाही. पण भरल्या घरात एक माणूस एकटे असू शकते आणि बहुधा ते सगळ्यांचे करणारे माणूस असते, एवढे हा अभंग स्पष्ट सांगतो. आपल्या संप्रदायाने हे अभंग लपवले नाहीत. नामदेवरायांच्या गाथेसोबतच ते छापत आलो, गात आलो. ज्या घरातली ही गोष्ट, त्या घराच्याच गाथेत ती राहिली, हा मोठा प्रामाणिकपणा आहे.

तिसरी गोष्ट सांगणाऱ्याची. या अभंगांतून आपल्याला जे कळते ते कोणी सांगितले? देवाने नाही. केर उचलला हे देव कुठेही बोललेला नाही. ज्याची सेवा झाली तो माणूस बोलतो आहे. न्हाऊ घातल्याची गोष्ट जनी सर्वांना सांगते, लाजत नाही. एका अभंगात तर हे ऋण फेडायचे कसे, अशी काळजी तिला पडते आणि अभंग तिथेच संपतो. देवाचे उत्तर त्यात नाही. त्याने उत्तर दिले असते तर तो हिशेब झाला असता.

मला वाटते, काळजी घेणे म्हणजे काय याचे माप जनाबाईंनी इथे दिले आहे. करणाऱ्याने 'मी सेवा केली' म्हणून ती ठरत नाही. ज्याच्यासाठी केली, त्याच्या तोंडून ती आली पाहिजे. या मापाने पाहिले तर आपली पुष्कळ सेवा कमी भरेल. पालखीच्या वाटेवर पाण्याच्या बाटल्या वाटणारे मंडळ चांगलेच काम करते. तहानलेल्याला पाणी मिळते, त्याला नावे ठेवू नयेत. पण मंडपाएवढाच मोठा फलक लागतो, प्रत्येक बाटली देताना फोटो निघतो आणि म्हातारा वारकरी बाटली हातात घेऊन फोटो होईपर्यंत उन्हात उभा राहतो, तेव्हा त्या वेळेपुरता तो वारकरी यजमानांची सेवा करीत असतो. त्याच वाटेवर संध्याकाळी मुक्कामाला एखादी बाई दुसऱ्या दिंडीतल्या अनोळखी म्हातारीच्या पायांना तेल लावून देते आणि नाव न सांगता निघून जाते. त्या बाईची गोष्ट आपल्याला कळते, ती म्हातारी पुढच्या मुक्कामावर सांगते म्हणून.

आता कीर्तनातल्या निरूपणाबद्दल बोलले पाहिजे. जनाबाईंचे आख्यान बहुतेक ठिकाणी दोन प्रसंगांवर उभे असते. एक, देव आला आणि जात्याला बसला. दुसरा, देव आपले पदक जनीच्या घरी विसरला, तिची वाकळ घेऊन गेला, तिच्यावर चोरीचा आळ आला, तिला सुळावर द्यायला नेले आणि सुळाचे पाणी झाले. महिपतीबोवांनी १७६२ साली पूर्ण केलेल्या भक्तिविजयात जनाबाईंची कथा आहे. पदक आणि सुळाचा प्रसंग तिथून घराघरांत पोहोचला. महिपतीबोवांचा ग्रंथ चरित्राचा आहे. भक्ताची लाज देव राखतो, हे दाखवणे त्यांचे काम होते आणि ते त्यांनी फार गोड केले. परंतु आख्यान सांगताना सुळावर अर्धा तास जातो आणि केराच्या पाटीवर अर्धे मिनिटही जात नाही, तेव्हा तोल बिघडतो. श्रोता सुळाचे पाणी झालेले ऐकून डोळे पुसतो आणि घरी जाऊन 'जेवायला वाढा' म्हणतो. त्याच्या मनात राहतो तो चमत्कार, आणि चमत्कार करणे आपल्या हातात नसल्यामुळे त्याला काही करावे लागत नाही. केर उचलणे मात्र हातातले आहे.

याच्या उलट बाजूला शिकलेली तरुण मंडळी असतात. ती विचारतात, देव खरोखर दळायला आला होता का? मग आपण वाद घालत बसतो. गोपाळपुरास जनाबाईंचे जाते म्हणून दाखवतात, यात्रेकरू त्याला भक्तिभावाने हात लावतात. तो हात लावावाच. पण वाद घालणारे दोघेही, मानणारा आणि न मानणारा, जात्यापाशीच अडकतात. दळणाऱ्या बाईचा खांदा दुखत होता, हे दोघांच्याही लक्षात येत नाही. आता घरातले जाते गेले, गिरणी आली. पण दळण निवडायचे, डबा गिरणीत पोहोचवायचा, परत आणायचा, पीठ चाळायचे, हे आहेच. घरात दुचाकी असलेला नातू आहे आणि डबा आजी डोक्यावरून आणते, अशा घरात जनाबाईंचा अभंग पाठ असून काय उपयोग?

येथे शंका घेतली जाते. जनाबाईंच्या या अभंगांचे तात्पर्य नामस्मरणात आहे, घरकामात नाही. देव आला तो नामाला भुलून आला. मग तुम्ही केर आणि भांडी कशाला काढता? शंका योग्य आहे. नाम हेच मुख्य, यात वाद नाही. पण नामाने जनीला कामातून उठवले नाही. काम चालू होते, नाम चालू होते आणि देव आला तोही कामातच आला. नामाला भुललेला देव नामधारकाच्या श्रमाकडे पाठ फिरवीत नाही, हेच तर या अभंगांचे म्हणणे आहे. मग देवाचे नाव घेणाऱ्याने ती पाठ फिरवावी, असे कोणत्या प्रमाणाने म्हणता येईल?

प्रमाणच हवे तर ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय उघडावा. ज्ञानाची लक्षणे सांगताना माउली अहिंसेवर पुष्कळ ओव्या खर्च करतात. अहिंसक मनुष्य चालतो कसा, बोलतो कसा, पाहतो कसा, असे करीत करीत ते त्याच्या हातांपर्यंत येतात. ते हात जोडले जातात नमस्कारासाठी, वर उठतात ते अभय द्यायला, आणि दुखावलेल्याला स्पर्श करतात तो अगदी हलका. माउलींनी ज्ञान हातात उतरवून दाखवले. तेच हात जनाबाईंच्या अभंगात लोणी घेऊन डोके चोळतात.

आणि आपल्या पंढरीचा आरंभ आठवा. पुंडलीकरायाचे हात आईवडिलांच्या सेवेत गुंतले होते, म्हणून त्याने देवाला वीट दिली आणि थांबायला सांगितले. देव थांबला. पुंडलीकाने केली ती स्वतःच्या आईवडिलांची सेवा. ते ऋण होते. जनीची गोष्ट त्याच्या पुढची आहे. ती देवाच्या नात्याची नव्हती, त्याच्यावर तिचे ऋण नव्हते. तिला कोणी नाही, एवढेच कारण त्याला पुरले. पुंडलीकासाठी जो विटेवर थांबला, तो जनीसाठी विटेवरून उतरला. आपल्यापैकी बरेच जण पुंडलीकापर्यंत पोहोचतात. शेजारच्या एकट्या आजोबांपर्यंत, घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींपर्यंत किती जण जातात?

माझी सत्तरी उलटली. गुडघ्यांमुळे कीर्तनाला उभे राहणे थांबले, तेव्हापासून मी करणाऱ्यांच्या रांगेतून घेणाऱ्यांच्या रांगेत आलो. या रांगेत बसल्यावर जनाबाईंचे अभंग निराळे कळतात. पाण्याचा तांब्या भरून ठेवणे आणि तो हात पोहोचेल तिथे ठेवणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. औषध आणून देणे वेगळे आणि गोळीचे पाकीट फोडून देणे वेगळे. अंथरुणावर पडलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून दिली नाही तर पाठीला जखमा होतात. रात्री दोन वाजता उठून जो कूस बदलून देतो, त्याचा फलक कुठे लागत नाही. आणि घेणाऱ्यालाही मन असते. जनी देवाला 'अरे विठ्या' म्हणून रागावते, शिव्या घालते, आणि तो ऐकून घेतो. ज्याची काळजी घेतली त्याने सतत कृतज्ञ चेहऱ्याने पाहावे, अशी अट देवाने घातली नाही. आजारी माणूस चिडला तर 'एवढं करून वर ऐकायचं' असे आपण लगेच म्हणतो. जनीला चिडण्याचा अधिकार होता, तो तिच्यापाशी राहिला.

तेव्हा वाचकहो, कीर्तनाला जा, पहारा द्या, वारी चुकवू नका. सेवा हा शब्द तिथे वापरता तसा घरातही वापरा आणि जी सून, जी लेक, जो मुलगा रात्री उठतो, त्याला एकदा 'आज तू सेवा केलीस' असे म्हणा. आणि नुसते म्हणून थांबू नका. पुढच्या एकादशीला फराळ झाला, की घरातल्या सर्वांचे करणाऱ्या माणसाकडे बघा. त्याचे झाडून झाले असेल. पाटी अजून दारात असेल. ती उचला आणि टाकून या. कोणाला सांगू नका. सांगायचे असेल तर ते माणूस सांगेल.

रामकृष्ण हरि.